लढाईतला जोडीदार

आचरा, ता. २० ऑगस्ट १९६५

तीर्थस्वरूप यांचे चरणी सुगंधाचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. माझी चौकशी एका ओळीत आणि बाकी सगळा तुमच्या पलटणीतला नुरुद्दीन. नुरुद्दीन विजयदुर्गचा, नुरुद्दीन सुभेदाराच्या नकला करतो, तुम्हाला झोप लागली नाही की नुरुद्दीन गोष्टी सांगतो. मी पाठवलेलं खाजंही अर्धं त्यालाच. चुलीपुढे घामाघूम होऊन ते मी कुणासाठी केलं होतं?

नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात गेल्या. सासूबाईंचा गुडघा बरा आहे. पत्र ऐकून त्या म्हणाल्या, "सवत इली गो तुका!" सगळे हसले, मी नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली. त्यात जेमतेम दोन महिने आपण माझ्याजवळ होतात. तो मात्र रोज तुमच्या शेजारी. पुढच्या पत्रात त्याचं नाव नको. लोभ माझ्यावर आहे तो वाटून टाकू नये, ही विनंती.

आपली,
सुगंधा

पुणे, ता. २४ नोव्हेंबर १९६५

सौ. सुगंधा हिस दत्तारामचे अनेक आशीर्वाद.

त्याचं नाव नको म्हणालीस, पण लिहिल्यावाचून इलाज नाही. लढाईत आमच्या खंदकाशी तोफगोळा पडला. मला खरचटलं. नुरुद्दीनचे दोन्ही डोळे गेले. आता इस्पितळातून त्याला घरी सोडताहेत. त्याच्या सोबतीसाठी मी रजा मागून घेतली आहे.

तळेऱ्याला उतरून आधी विजयदुर्गला जाईन, चार दिवस राहून मग घरी. तू रागावशील. पण तो पायरीसुद्धा माझा खांदा धरून उतरतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
दत्ताराम

आचरा, ता. १२ डिसेंबर १९६५

सौ. सलमाभाभी यांस सुगंधाचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते. तुमच्यावर केवढा प्रसंग आला! पण खरं सांगू? ते वाचलं तेव्हा मला आधी हेवा वाटला, रडू मागून आलं.

हे घरी आले, पण आले असं वाटत नाही. दिवसभर किनाऱ्यावर एकटेच बसतात. झोपेत हाक मारतात ती तुमच्या धन्याला. मी विचारलं तर "काय नाय गो" एवढंच. तिथे काय घडलं ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळवा. ममता ठेवा.

तुमची,
सुगंधा

विजयदुर्ग, ता. २० डिसेंबर १९६५

सुगंधाबाय, सलमाचा सलाम.

मला काय कळणार? तुझा घरवाला इथे होता तेव्हा दोघं पडवीत बोलत बसायचे, जेवण निवून जायचं. मी चहा घेऊन गेले की गप्प. तो गेल्यावर मी यांच्या हातात कप दिला, तर विचारतात, "दत्ताराम खंय?" हात माझा होता गो! तेव्हा मी तुझ्या घरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माफ कर.

रजा संपायच्या आधी त्याला घेऊन इकडे ये. ते पडवीत बसतील, आपण दाराआड कुळीथ निवडू आणि ऐकू. आपली चाहूल लागून ते गप्प झालेच, तर आपण दोघी बोलू. त्यांना ऐकू जाईल एवढं मोठ्याने हसू. काय चाललंय म्हणून विचारलं तर सांगायचं, काय नाय. एकदा त्यांनाही जळू दे.

ये हां, वाट बघते.

तुझीच,
सलमा