संगणकाच्या विजेवर झालेले बाळंतपण

प्रति,
मा. कार्यवाह श्री. श्रीनिवास आगटे,
विश्वस्नेह परदेश साहाय्य मंडळ,
शनिवार पेठ, पुणे.

विषय : अफगाणिस्तानातील दवाखान्याचा जनरेटर परत मिळणेबाबत, तसेच माफी न मागण्याबाबत.
संदर्भ : आपली 'कारणे दाखवा' नोटीस, दि. २ मार्च २००५.

महोदय,

१. अर्जदार कल्याणी बुद्धभूषण रामटेके, राहणार कर्वेनगर, ही आपल्याच मंडळाची संगणक प्रशिक्षक. गेल्या हिवाळ्यात मंडळाने तिला अफगाणिस्तानातील एका डोंगरी गावी धाडले. एका परदेशी संस्थेने तिथल्या दवाखान्याला संगणक आणि ते चालवायला डिझेलचा जनरेटर दिला होता. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर व्हावी, हा थोर हेतू.

२. हेतूत त्रुटी एवढीच, की दवाखान्यात मुले जन्मतच नव्हती. संगणक चोरीला जाऊ नयेत म्हणून परदेशी फौजेने फाटकावर पहारा बसवला होता आणि बंदूकवाल्यांना झडती देण्यापेक्षा बायका घरीच बाळंत होत. तिथल्या सुईण परवीनबाई मोडक्या हिंदीत अर्जदाराला म्हणाल्या, "बेटी, तुझं यंत्र रिकामं, माझी खाट रिकामी. चहा तरी घेऊ." चहा घेण्यात आला. फौजेला शिव्या घालाव्यात असे अर्जदाराच्या मनात होते. परंतु पहारा नव्हता तेव्हा चोरांनी औषधांचे कपाट फळ्यांसकट नेले होते, हेही परवीनबाईंनीच सांगितल्याने शिव्या गिळाव्या लागल्या.

३. मग दोघी पहाऱ्याच्या सार्जंटकडे गेल्या. अर्जदार त्याला म्हणाली, "तुम्ही इथं उभे राहिलात तर बायका येत नाहीत, गेलात तर चोर येतात. गावाबाहेरच्या पुलावर उभे राहा की, चोर तिकडूनच येतात!" हे त्याला आजवर कोणी सुचवले नव्हते, कारण गावाला कोणी विचारलेच नव्हते. पहारा पुलावर गेला. बायका येऊ लागल्या.

४. त्यानंतर नोटिशीत नमूद केलेला गुन्हा घडला. बर्फ पडत होते, गावची वीज गेलेली. झरमीना नावाच्या बाईची मुलगी जन्मली, ती रडेना. तिच्या घशातले पाणी ओढून काढायचे यंत्र हाताशी होते, पण त्याला वीज हवी. शेजारच्या खोलीत जनरेटर सुरू होता. त्यावर ठळक पाटी : 'केवळ संगणकांसाठी'. अर्जदाराने पाटी वाचली आणि वायर उपटली. संगणक रीतसर बंद केले नाहीत, एवढी चूक तिला मान्य आहे. वायर पुरेना, तेव्हा पुलावरून धावत आलेल्या सार्जंटने आपल्या गाडीतली आणून जोडली. मुलगी रडली. अर्जदार तिथेच जमिनीवर बसून तिच्याहून मोठ्याने रडली.

५. पुढे सर्व नियमानुसार झाले. वापर उद्दिष्टाबाहेर झाला म्हणून संस्थेने जनरेटर परत मागवला. इतके दिवस ज्या शिपायांनी तो राखला, त्यांनीच तो उचलून गोदामात नेला, आणि आता तिथे त्यावर पहारा आहे. सार्जंटलाही फौजेने नोटीस दिल्याचे समजते. आपल्या नोटिशीचे शुद्धलेखन नक्कीच फौजेच्या नोटिशीहून सरस असणार.

अर्जदार परतल्यावर आपल्या कार्यालयात आली, तेव्हा आपण म्हणालात, "अहो, मुलं दगावतात हे दुःखद आहेच, पण ते संगणक विभागाच्या कक्षेत येत नाही." अर्जदाराला उत्तर सुचले होते. आपण वयाने वडील आहात म्हणून ती उठून निघून गेली.

६. गेल्या आठवड्यात परवीनबाईंचा फोन आला. पुन्हा तसेच झाले. यंत्र होते, वीज नव्हती. या वेळी मुलगा होता. त्याचे नाव ठेवायचेही राहिले.

७. सबब विनंती, की मंडळाने संस्थेला लिहून जनरेटर दवाखान्याकडे, पाटी काढून, परत पाठवायला लावावा. तो बसवून द्यायला अर्जदार स्वतःच्या रजेत जाईल. आपण लिहिणार नसाल तर संस्थेला ती थेट लिहील, आणि आपली नोटीसही सोबत जोडील.

आपल्या नोटिशीतील शेवटचा प्रश्न : 'परकीय मदत व सैन्य यांमुळे तेथील जीवन सुधारले काय? हो अथवा नाही लिहावे.' उत्तर : सुधारले होते. मग ते गोदामात जमा झाले.

आपली नम्र, पण दिलगीर नव्हे,
कल्याणी बुद्धभूषण रामटेके
कर्वेनगर, पुणे.
दि. १४ मार्च २००५

सोबत : झरमीनाच्या मुलीचे छायाचित्र. (संगणकात नोंद नाही.)