बूट काढू नकोस

स्प्रिंगफील्ड, ऑरेगन
९ मार्च

प्रिय थेरन,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. फोन न करता तू पत्र लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की विषय साधा नाही. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. अजून तोंडात ‘आम्ही’च येतं. गुडघा कुरकुरतो, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि शेजारच्या ऑर्विलने ट्रक मागे घेताना पुन्हा माझं कुंपण पाडलं. दुरुस्त करून दिलं, पण आधीपेक्षा वाकडं. ब्रिनाचा खोकला गेला का? तिने पाठवलेलं वाळवलेलं मांस मी दातांची पर्वा न करता संपवून टाकलं, असं माझ्या त्या सुनेला सांग.

तू विचारलंस ते एका ओळीचं आहे. मे महिन्यात बर्न्सला, आजी-आजोबांच्या कबरींशेजारी बाबांना ठेवायचं आहे, तर त्यांची माती घेऊन मी कधी येते. उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण त्याआधी मला गॅरेजबद्दल लिहायचं आहे. गॅरेजचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, हे मला माहीत आहे. तरी पत्र खाली ठेवू नकोस.

बाबांची गांजा पिकवायची पद्धत तुझ्यासमोरचीच. पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, खताच्या बाटल्यांची रांग. नारळाच्या भुशाच्या कुंड्या, आणि प्रत्येक पिकानंतर तो भुसा फेकून कुंड्या औषधाने धुवायच्या. एखादा किडा दिसला की जंतुनाशक पेरॉक्साइडची बाटली हातात. कायद्याने घरी चार झाडं लावायची मुभा दिली तेव्हा सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास सोडला, पण यांनी दाराची कडी काही काढली नाही. चोरून पिकवायच्या दिवसांतली शिस्त अंगात मुरली होती. त्या दिवसांत तुला मित्रांना घरी आणायची बंदी होती, आणि तुझ्या जॅकेटला वास येतो म्हणून शाळेत पोरं काय काय बोलायची, ते मी विसरलेले नाही.

युजीनच्या शनिवारच्या बाजारात टॅन्सी नावाची बाई कंपोस्ट विकते, ती तुला आठवते का? केसांत कायम काडीकचरा असायचा ती. झाडाला खाऊ घालायचं नाही, मातीला घालायचं, मग माती झाडाचं बघते, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. बाबा तिची यथेच्छ टिंगल करायचे. टॅन्सी गांडुळांना अंगाई म्हणते, असं त्यांनी कामावर, अख्ख्या कारखान्यात पसरवलं होतं.

मागच्या वसंतात, पोटाचं दुखणं कळल्यावर, त्यांनी आपलं ठरवून टाकलं. पेटी नको, भट्टी नको. लाकडाच्या भुशात आणि गवतात ठेवून देहाची माती करून देतात, तिथे जायचं. तुला ते पटलं नाही. बर्न्सला सगळे पुरले गेले तसंच व्हावं, असं तुझं म्हणणं होतं. तरी तू त्यांच्यासमोर शब्द काढला नाहीस, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

त्यानंतर एकदा ते गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. उभं राहवत नव्हतं. बाटल्यांकडे बराच वेळ बघून म्हणाले, “मेविस, हे सगळं टाकून दे. मी स्वतः माती व्हायला निघालोय आणि इथे मातीला घरात पाऊल टाकू देत नाही. बरं दिसतं का ते?” मी म्हटलं, “टॅन्सीला सांगू का हे?” तर म्हणाले, “मी गेल्यावर सांग. आत्ता सांगितलंस तर ती गाणं म्हणत येईल.”

जुलैत ते गेले. ऑगस्टमध्ये मी खताच्या बाटल्या टाकल्या. ऑर्विलने गॅरेजमध्येच जुन्या फळ्यांचा मोठा वाफा करून दिला, तोही थोडा वाकडाच. टॅन्सीने तिची माती आणली. ती बोलत होती आणि मी ऐकत होते, कारण घरात कुणीतरी बोलणारं हवं होतं. माती भरल्यावर लगेच लावायचं नाही, आत काम सुरू असतं, गरम होते, ती निवू द्यायची. नळाचं पाणी तसंच घालायचं नाही, बादली उघडी ठेवून त्यातलं औषध उडू द्यायचं. वर वाळकं गवत पसरायचं. गांडुळं सोडायची आणि आपण गप्प बसायचं. हे शेवटचं मला जमलं नाही.

रोपं लावली, पण पीक यायच्या आधीच एका सकाळी गवत उचललं तर खाली बारीक पांढरे किडे वळवळत होते. शेकड्यांनी. माझी पाचावर धारण बसली. मी विचारच केला नाही. हात आपोआप मागच्या फळीवर गेला आणि पेरॉक्साइडची बाटली सगळ्या वाफ्यावर रिकामी झाली. फेस आला, आणि मला बरं वाटलं. बाबांचं काम मी नीट केलं, असं वाटलं.

ते किडे मातीचेच होते. तिथे असायलाच हवे होते. आठवड्यात वाफ्याला आंबूस वास यायला लागला, गांडुळं वर येऊन मेली, आणि रोपं पिवळी पडून गेली. बाबांच्या एकाच जुन्या झाडाची कलमावर कलमं करत आम्ही आजवर झाडं वाढवली होती, त्यातल्या दोन फांद्या तेवढ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात उरल्या. टॅन्सी आली, मूठभर माती नाकाशी नेली आणि खाली बसली. “तू त्यांना विष दिलंस गं. तुझेच कामकरी होते ते.” मी रडायला लागले तशी ती म्हणाली, “ही माती पुन्हा उभी राहील. पण बाजारातलं काही नको आता. चांगली मुरलेली, जिवंत माती हवी. आहे का कुठे ओळखीत?”

मी नाही म्हटलं. ऑक्टोबर होता तो. बाबांच्या मातीची तीन पोती त्याच आठवड्यात घरी आली होती, धुण्याच्या मशीनजवळ ठेवलेली. बाकीची माती डोंगरावरच्या जंगलाला दिली, ते तुला माहीत आहे. ही तीन मी मागून घेतली होती.

थेरन, त्यातली एक बादली मी वाफ्यात घातली.

माती देणाऱ्यांनी बजावलं होतं, झाडांना घाला, फुलांना घाला, भाजीपाल्याला घालू नका. ही कुठे भाजी आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर मी त्या सूचनेचा विचार करतच नव्हते. बाबांनीही मला तसं सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या नावावर खपवणार नाही. हे मी केलं. मला ते घरात हवे होते. बर्न्स गाडीने पाच तासांवर आहे, आणि हिवाळ्यात घाटातला रस्ता बंद होतो. संध्याकाळी दिवे लागले की त्या खोलीत कुणीतरी असायचं. ती खोली रिकामी मला बघवत नव्हती.

आता त्या दोन फांद्यांची चार झाडं झाली आहेत. फुलावर आली आहेत. गवताखाली पुन्हा ते पांढरे किडे आहेत, गांडुळं आहेत, आणि मी हात मागे बांधून बघते. वास पूर्वीसारखा नाही, पाऊस पडून गेल्यावर डग्लस फरच्या उंच झाडांच्या रानात येतो तसा आहे. मी अजून काही तोडलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय तोडणारही नाही.

इथवर वाचून तुला काय वाटलं असेल, ते मी जाणते. त्यांच्या निरोपाच्या दिवशी तू अंगणात मला म्हणालास, “त्यांनी त्या झाडांकडे जेवढं बघितलं, तेवढं माझ्याकडे कधी बघितलं नाही.” मी तुला गप्प केलं, पाहुणे ऐकतील म्हणून. तू खोटं बोलला नव्हतास. तू लहान असताना मॅकेन्झी नदीवरून पहिला ट्राउट पकडून धावत आलास, सरळ गॅरेजमध्ये शिरलास, आणि त्यांनी मासा बघितलाच नाही. बूट बघितले. चिखलातून कीड येते म्हणून तुला दंडाला धरून बाहेर काढलं. मासा तू ऑर्विलच्या मांजराला टाकलास आणि त्यानंतर त्या दाराकडे पुन्हा फिरकला नाहीस. आता मी त्यांना त्याच खोलीत नेऊन ठेवलंय. तुझ्या जागी मी असते तर आईशी बोलणं टाकलं असतं. तू तसं केलंस तर मी तुला दोष देणार नाही, पण मी फार एकटी पडेन.

तर तुझ्या एका ओळीचं उत्तर. मेच्या पहिल्या शनिवारी मी पोती घेऊन येते. दोन पूर्ण, तिसरं अर्धवट. त्यांना तू आजोबांच्या शेजारी ठेव, दगडावर काय कोरायचं तेही तूच ठरव, मी मध्ये बोलणार नाही. पण तू ‘सगळी माती’ असं लिहिलं आहेस, आणि सगळी मी आणू शकत नाही. बादलीतली माती आता वेगळी काढता येत नाही. मी बसून बघितलं. कुठली टॅन्सीची, कुठली त्यांची, कुठली गांडुळांनी केलेली, काही सांगता येत नाही.

म्हणून एक मागते. त्याआधी एकदा इकडे ये. एकटा ये किंवा ब्रिनाला घेऊन ये. वाफ्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून, तुझ्या हाताने, हवी तेवढी माती काढ आणि बर्न्सला घेऊन जा, मुळं आणि गांडुळं असतील ती असू देत. झाडं वाचतील की मरतील याचा विचार करू नकोस. सगळा वाफा उपसून न्यावासा वाटला तर ऑर्विलचा ट्रक आहे, आणि मी फावडं धरीन. बाबा दर पिकानंतर सगळं फेकून नव्याने सुरुवात करायचे. मला आता तसं करायचं नाही, पण या बाबतीत शब्द तुझा.

गॅरेजच्या दाराची कडी मी काढून टाकली आहे. सरळ आत ये, आणि बूट काढू नकोस. पाऊस आहे, नदीच्या बाजूने आलास तर चिखल लागेल. तो घेऊनच आत ये.

वाट बघते,
आई