मोतीलालचा झोका आणि माझी ताडपत्री

२९ नोव्हेंबर १९६४
मोतीलालने सुरतेहून झोका आणला. लोखंडी. हिरवा रंग. चार माणसं ऐसपैस बसतील अशी पाठीची बैठक, वर कापडी छत. परसात, निंबाखाली उभा केला.
मोतीलाल माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा वर्षाने लहान. आमच्या दोन्ही परसांमध्ये एकच भिंत आहे आणि ती माझ्या डोक्याच्या वर जाते. त्यामुळे पलीकडचं मला दिसत नाही. भिंतीलगत एक ओंडका पडलेला आहे, त्यावर उभं राहिलं तर दिसतं. आज सहज ओंडक्यावर उभा होतो.
मला काहीही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१ डिसेंबर
मोतीलालला मूलबाळ नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली. मग झोका कुणासाठी? निव्वळ शो.
मला दोन मुलं आहेत. भुरी आठ वर्षांची आणि दगू सहाचा. झोका यायचाच तर आधी माझ्या घरी यायला हवा होता. हा हेव्याचा प्रश्न नाही, प्रिन्सिपलचा आहे.

२ डिसेंबर, रात्री
भुरी आणि दगू शाळेतून घरी आलेच नाहीत. परस्पर पलीकडे. गावातली निम्मी पोरं तिथे. ओंडक्यावर उभं न राहताही आवाज येतो.
संध्याकाळी दोघांना समोर बसवलं आणि दुसऱ्याच्या वस्तूचा मोह कसा वाईट, ते समजावलं. भुरी म्हणाली, "आबा, काकू आम्हले लाडू देस." मोतीलालची बायको, प्रमिलाबाई, लाडू देते! म्हणजे पोरं झोक्यासाठी जातात की लाडवासाठी, हेसुद्धा स्पष्ट नाही. झोक्याचं यश त्यामुळे शंकास्पद आहे.

५ डिसेंबर
आज रंजनाही गेली. माझी बायको. निवडायला घेतलेली मेथी घेऊन गेली आणि झोक्यावर प्रमिलाबाईशेजारी बसून निवडली. दोघी हसत होत्या. रंजना एवढं काय हसते? मेथी निवडताना घरी कधी हसलेली नाही.
विचारलं तर म्हणाली, "काही नाही, असंच."
ठरवलं. आपल्या कुटुंबासाठी परसात काहीतरी आणायचं. झोका नाही, ती कॉपी होईल. त्याहून वरचं. पुढचे काही दिवस अभ्यास.

९ डिसेंबर
अभ्यास चालू.
घसरगुंडी: गवंड्याला विचारलं. सिमेंट मिळत नाही. शिवाय वरून खाली येण्यात काय मोठेपणा?
सी-सॉ: जुन्या गाडीची फळी आहे. पण एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. घरात भांडणं होतील.
आईचं मत घेतलं नव्हतं, तरी तिने दिलं. म्हणाली, "पोरे बाजवर उड्या मारतस, तेच बरं शे." आमच्या मातोश्री तापीबाईंचे विचार जुन्या वळणाचे आहेत.

१६ डिसेंबर
आजचा दिवस महत्त्वाचा. शहाद्याला सर्कस आली आहे. मुलांना घेऊन गेलो. (मोतीलालही येतो म्हणत होता. गाडीत जागा नाही म्हणालो. जागा होती, पण मोकळं बसायला बरं.)
हत्ती, वाघ वगैरे ठीक. नंतर लोखंडी चौकटीत ताणून बांधलेलं एक कापड आणलं. त्यावर मुली उडी मारायच्या आणि कापड त्यांना उलट वर फेकायचं! तंबूच्या छताकडे! कोलांटी घेऊन परत खाली, परत वर. दगूने तोंडात घातलेला शेंगदाणा चावलाच नाही.
खेळ संपल्यावर मागे जाऊन मॅनेजरला गाठलं. केरळचा माणूस, हिंदी बोलतो. त्याने नाव सांगितलं: ट्रॅम्पोलिन. विकत देता का विचारलं. हसला. म्हणाला, मुली लहानपणापासून शिकतात, घर में मत करना.
याचा अर्थ उघड आहे. घरोघरी ट्रॅम्पोलिन झालं तर सर्कस कोण बघणार?
संपूर्ण जिल्ह्यात कुणाच्या परसात ट्रॅम्पोलिन नसेल. मी धुळ्याला एक वर्ष कॉलेजात होतो. असल्या गोष्टी मला लवकर समजतात.

१८ डिसेंबर
घरची मीटिंग घेतली. लोकशाही पद्धतीने. प्रत्येकाला विचारलं, परसात काय हवं?
भुरी: मोतीकाकासारखा झोका. दगू: मोतीकाकासारखा झोका. रंजना: न्हाणीला दार. आई झोपली होती.
एकूण मत ट्रॅम्पोलिनकडे झुकणारं आहे. झोका हवा म्हणजे मुळात हवेत जायचं आहे.

२१ डिसेंबर
गोल की चौकोनी? गोल दिसायला छान. पण धुडकू लोहार म्हणतो पाइप गोल वाकवायला वेळ लागेल. चौकोनी फायनल.
मोठं किती? झोक्यापेक्षा मोठं. झोक्याचं माप घ्यायला मोतीलालकडे गेलो. म्हणालो, सहज आलो. तो म्हणाला, "बस ना भाऊ, झोका घे." बसलो नाही. उभ्याउभ्या हातांच्या अंतराने माप घेतलं. प्रमिलाबाईने पदर ओढून आतून चहा पाठवला. मी जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ, माझ्यासमोर ती येत नाही. चहा चांगला होता. साखर जास्त होती. सगळ्यात शोच.

२६ डिसेंबर
पाइपाचा प्रश्न सुटला. विहिरीच्या इंजिनाचा जादा पाइप केळीच्या वाफ्याकडे जातो, तो काढला. केळी काही दिवस थांबू शकते. रंजना म्हणाली, केळी कुणाची, तुमची की मोतीलालची? बोलण्यात टोमणा होता.
कापड: बैलगाडीवरची ताडपत्री. जुनी आहे, पण जुन्या कापडाला लवचीकपणा असतो.
सर्कशीत कडेने स्प्रिंगा होत्या. आपल्याकडे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. गावातल्या सगळ्या फाटक्या ट्यूब जमा केल्या. रबर स्प्रिंगपेक्षा मऊ. म्हणजे आपलं ट्रॅम्पोलिन सर्कशीपेक्षा एक पाऊल पुढे.

२ जानेवारी १९६५
नवीन वर्षाचे संकल्प. एक, मोतीलालचा विचार करणार नाही. दोन, ओंडक्यावर उभा राहणार नाही.
जागा निवडली: भिंतीलगत. म्हणजे पलीकडून दिसेल. त्यासाठी ओंडका थोडा सरकवावा लागला. सरकवताना एकदा चढलो.
मोतीलाल झोक्यावर बसून दगूला पाढे म्हणायला लावत होता. सात साते एकोणपन्नासला दगूला हवेत झोका. दगू सात साते म्हणतोय! मी वर्षभर शिकवतोय, माझ्याकडे कधी चारच्या पुढे गेला नाही.

८ जानेवारी
चौकट उभी राहिली. गुडघ्याएवढी उंच. धुडकूने काम बरं केलं.
ट्रायल घेतली. सरकीचं अर्धं पोतं वरून टाकलं. पोतं उसळलं आणि उकिरड्यात पडलं. उत्तम! जोर आहे.
भुरी म्हणाली, आबा, पोतं बाहेर पडलं. मी म्हणालो, पोत्याला तोल नसतो.

१३ जानेवारी
उद्या संक्रांत. उद्या उद्घाटन. गल्लीला सांगितलं. शाळेच्या मास्तरांना सांगितलं. पोलीस पाटलांना सांगितलं. मोतीलालला सांगायचं राहून गेलं. दिवसभर धावपळ होती.
रंजनाने विचारलं, मोतीभाऊंना सांगितलं ना? म्हटलं, शेजारी आहे, कळेलच.
तिने तिळाची कढई जोरात ठेवली.

१४ जानेवारी, संक्रांत, संध्याकाळी
पालथा पडून लिहितोय. अक्षर वाईट येतंय.
सकाळी सगळं गाव परसात होतं. पलीकडे एक पोर उरलं नव्हतं. तिळगूळ वाटला. चार शब्द बोललो. भुरी आणि दगू चढायला निघाले, पण त्यांना थांबवलं. पहिली उडी कुटुंबप्रमुखाची.
पहिली उडी चांगली. लोक ओरडले.
दुसरी त्याहून उंच. डोकं भिंतीच्या वर गेलं. पलीकडचं दिसलं. झोक्यावर मोतीलाल एका टोकाला आणि प्रमिलाबाई दुसऱ्या टोकाला. दोघंच. झोका हलत नव्हता. मांडीवर लाडवांचा डबा.
मनात आलं, हरले!
तिसरी उडी आणखी उंच मारली, परत बघायला. खाली येताना एका बाजूच्या पट्ट्या फटाफट तुटल्या. ताडपत्री मधोमध फाटली. मी चौकटीच्या पाइपावर बसलो. बसलो म्हणजे आदळलो.
पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की भिंतीवरून उडी टाकून सगळ्यांच्या आधी मोतीलाल आला. दार लांब पडतं म्हणून भिंतीवरून. अनवाणी. गुडघा फुटला त्याचा. "भाऊ, काही व्हयनं का? हात धर मन्हा!" आणि मला पाठीवर घेतलं. सगळ्या गावासमोर. पोलीस पाटलांसमोर.
त्याच्याच गाडीतून शहाद्याला. डॉक्टर म्हणाले माकडहाडाला मार. तीन आठवडे पालथं किंवा कुशीवर. माकडहाड हा शब्द त्यांनी नको तितक्या मोठ्याने उच्चारला.

१७ जानेवारी
अपघाताचं खरं कारण: ट्यूब. लोकांनी फारच जुन्या ट्यूब दिल्या. माझ्या डिझाइनचा दोष नाही.
आई येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सविस्तर सांगते. मधूनमधून हाताने उडीही दाखवते.

२० जानेवारी
मोतीलाल रोज येतो. आज बसायला म्हणून ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब घेऊन आला. नंदुरबारहून मागवली. नवी कोरी.
बसलो. दुखलं नाही.
बघा. मी गावभर हिंडून सायकलच्या गोळा केल्या. हा ट्रकची आणतो.

२३ जानेवारी
मी पडून असल्यामुळे इंजिन, केळी, सगळं मोतीलाल बघतो. जादा पाइप चौकटीत अडकला म्हणून त्याने स्वतःचा पाइप जोडून पाणी सोडलं. रंजना सांगत होती, केळी वाचली. "वाचली" असं म्हणायची गरज नव्हती. केळी मेलेली नव्हती.
तिने विचारलं, परसातल्या सांगाड्याचं काय करायचं? पोरांना लागेल कुठेतरी. मी रागात होतो. म्हणालो, मोतीलालला दे. भंगार त्याला शोभून दिसेल.
तिने खरंच दिलं.

३० जानेवारी
पलीकडून ठोकाठोक. धुडकूचा आवाज. मी अंथरुणातून ओंडक्यापर्यंत जाऊ शकत नाही. भुरीला विचारलं. म्हणाली, काका खड्डा खणताहेत, चौकट जमिनीलगत बसवणार. काकू दाभण घेऊन नवी ताडपत्री दुहेरी शिवते आहे. कडेला ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या.
माझी कल्पना! माझा पाइप! ट्रॅम्पोलिन हा शब्दसुद्धा गावात मी आणला!
बरा झालो की पहिलं काम: चौकट परत मागायची. भाषण मनात तयार आहे. पहिलं वाक्य: "मोतीलाल, भावकी भावकीच्या जागी आणि हक्क हक्काच्या जागी."

४ फेब्रुवारी
दिवसभर पलीकडून ढप्, ढप्, आणि पोरांचा कल्ला. दगू रात्री झोपेतही पाय उडवतो.
भाषणात सुधारणा केली. मधे "कायदा" हा शब्द घातला.

८ फेब्रुवारी
आज काठी घेऊन चाललो. पहिल्यांदाच. दुपारी सगळे जेवून पांगलेले असतील, मोतीलाल एकटा सापडेल असा हिशेब करून निघालो. रंजनाला सांगितलं, हक्काची वस्तू घेऊन येतो. ती म्हणाली, काठीने चालता येत नाही धड, चौकट कशी आणाल? तो तपशील नंतरचा.
भिंतीला वळसा घालून त्याच्या परसाच्या फाटकाशी पोचलो. फाटक अर्धं उघडं होतं.
आत प्रमिलाबाई ताडपत्रीवर होती. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. एक हात भुरीने धरलेला, एक दगूने. तिघं उडत होते. तिला जमत नव्हतं. गुडघे वाकडे पडत होते, दर वेळी तोंडातून पोरीसारखी किंकाळी निघत होती. मोतीलाल कडेने नुसता गोल फिरत होता, दोन्ही हात पुढे करून, ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला.
भुरी ओरडली, "काकू, अजून वर!"
एक पाऊल आत टाकलं असतं तर ती थांबली असती. जेठ दिसला म्हणून पदर ओढला असता, खाली उतरली असती, आत गेली असती.
पाठीत थोडी कळ आली. म्हणून पाऊल टाकलं नाही. काठीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलून धरली आणि तसाच भिंत धरत धरत मागे फिरलो. पाठीच्या दृष्टीने हे चुकीचं होतं.
दारात रंजना उभी. विचारलं, काय झालं?
म्हटलं, मोतीलाल घरी नव्हता.
भिंतीपलीकडून मोतीलाल गाव ऐकेल अशा आवाजात ओरडत होता, "हळू वं, हळू! पडशी!"