कानपिळीचा खुलासा

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, चहानंतर

श्री. सोमनाथराव यांना शिवशंकरचा नमस्कार. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुम्ही कळवणार नाही हे ठाऊक असल्यामुळं ती तुमच्या शेजारच्या बन्सीकडून परस्पर काढून घेतली आहे. गुडघा बरा आहे, म्हैस व्यायली, लासूरच्या मोंढ्यात कांद्याची आवक चांगली आहे आणि माझं नाव निघालं की तुम्ही उठून आत जाता, एवढं समजलं. तुम्ही फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात (जाताना रामरामसुद्धा नाही), म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण आडतीवर बसणारा माणूस हाती आलेला कागद वाचल्याशिवाय फाडत नाही, असा माझा अनुभव आहे.

बन्सी म्हणाला, तुम्ही नंदिनीच्या लग्नाला येणार नाही. राजनंदिनी तुमची एकुलती भाची. मामाच नसेल तर पोरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं कोणी? तुमची बहीण रत्नमाला तर तुम्ही रुसल्यापासून माझ्याशी फक्त भांड्यांमार्फत बोलते आहे. तेव्हा जे झालं त्याचा सविस्तर खुलासा करतो, तो शांत डोक्यानं वाचावा.

निमंत्रणाच्या व्हिडिओत आमच्या लग्नातले चार प्रसंग घालावेत, ही कल्पना माझीच. लासूरला तुमच्या दारात मांडव पडला होता, त्याची कॅसेट रत्नमालेच्या कपाटात शालूच्या घडीत सुखरूप होती. जालना रोडवरच्या एका स्टुडिओवाल्यानं ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पुढचं काम नंदिनी करणार होती, पण मीच म्हटलं, तू बस्त्याचं बघ, हे माझ्यावर सोड. सगळी नोकरी कारखान्यात नट-बोल्ट तपासून पास-नापास करण्यात गेली. एक व्हिडिओ पास करायला असं काय लागतं, असा माझा समज होता.

लावून पाहतो तर जो हलला त्याला दाते फुटलेले. वरातीत नाचणारे आमचे भिकनकाका म्हणजे अख्खा कंगवा. भटजी बसून होते म्हणून वाचले. रत्नमालेला सगळ्यात वाईट वाटलं ते तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. तुमच्या मातोश्री सारजाबाई गेल्यापासून आपल्या दोन्ही घरांत त्यांचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला (त्यात त्या सरकारवर रागावलेल्या दिसतात). कॅसेटमध्ये त्या पावलोपावली आहेत, पण एका जागी उभ्या म्हणून नाहीत. कुणाला वाढ, कुणाला बसव, कुणाला पाट दे. त्यामुळं जिथं जिथं त्या, तिथं तिथं चेहऱ्यावर आडव्या रेघा. आईचं तोंड एकदा धड बघायला मिळू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता रेघा का येतात ते सांगतो, कारण तुमचा अपमान नेमका त्यातूनच झाला. त्या वेळचा कॅमेरा एक चित्र एका दमात घेत नसे, दोन पंगतींत घेई. आधी एकाआड एक ओळी टिपायच्या, मग मधल्या राहिलेल्या. दोन पंगतींमध्ये डोळ्याचं पातंही लवत नाही, पण तेवढ्यात नाचणारा माणूस बोटभर सरकलेला असतो. जुन्या टीव्हीवर त्या एकीमागून एक येत, म्हणून आपल्याला कधी पत्ता लागला नाही. हल्लीचा कॉम्प्युटर दोन्ही पंगती एकदम वाढतो, आणि एकाच भिकनकाकांचे दोन अर्धे भिकनकाका एकमेकांत घुसतात. तर व्हिडिओ बाहेर काढताना या पंगतींचं काय करायचं, हे आपण ठरवून द्यावं लागतं. मी पहिल्यांदा एक पंगत सरळ उठवूनच लावली. दाते गेले. पण रत्नमालेच्या शालूच्या काठांना जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या, आणि माझी मिशी (तेव्हा बारीक होती, कबूल) दर थोड्या वेळानं गायब होऊ लागली. नवरा बिनमिशीचा होता की काय, अशी शंका व्याह्यांना नको, म्हणून तो बेत सोडला.

मग कळलं की दोन्ही पंगती ठेवाव्यात, प्रत्येकीचं स्वतंत्र चित्र करावं आणि ती एकामागं एक सोडावीत. फक्त एक सांगायचं, वरच्या ओळी आधी की खालच्या. हे मी जरा मोठ्यानं पुटपुटलो आणि घरात सभा भरली. भिकनकाका म्हणाले, "लासूरला पहिली पंगत कुणाची बसली व्हती, तसंच करावं." त्यावर आमच्या मातोश्री द्वारकाबाईंनी निकाल दिला, "वरच्याला आधी बसवावं. खालचा आधी बसला आन् वरचा रुसला, तर लगीन ऱ्हातं बाजूला." मला पटलं. आपल्या लग्नात पहिल्या पंगतीवरून झालेला घोळ मी विसरलेलो नाही, अक्षता पडूनही मी तिसऱ्या पंगतीपर्यंत उपाशी होतो. तेव्हा मानाप्रमाणं वरच्या ओळींना आधी बसवलं. कॅमेऱ्यानं कुणाला आधी बसवलं होतं हे बघावं, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

कॅमेऱ्यानं खालच्यांना बसवलं होतं. म्हणजे आम्ही मागून घडलेलं आधी दाखवलं आणि आधीचं मागून. हलणारा प्रत्येक माणूस दोन पावलं पुढं, एक मागं. आता म्हणाल, पाठवण्याआधी तपासलं नाही का? तपासलं. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणं सुरुवातीचा नमुना घेतला. पण सुरुवातीला मंगलाष्टकं होती, अंतरपाटासमोर सगळे खांबासारखे उभे. माल पास केला आणि ग्रुपवर सोडला.

कानपिळी त्याच्या पुढं होती. तुम्ही त्या दिवशी फेटा बांधून, रीतसर, बहिणीला नीट नांदव असं बजावत माझा कान एकदाच पिळला होता. व्हिडिओत मात्र तुमचा हात जुन्या रेडिओवर स्टेशन शोधल्यासारखा पिळतोय, सोडतोय, पिळतोय, आणि फेट्याचा तुरा वेगळाच थरथरतोय. पुढं तुमच्याच मोंढ्यातल्या पोरांनी तेवढा तुकडा कापून स्टेटसला ठेवला, त्याला मी काय करणार? पण तुम्हाला वाटलं की दाजींनी भरल्या गावात आपली थट्टा केली. नाही हो. ती ओळींची थट्टा होती.

यावर प्रायश्चित्त म्हणून मी फक्त कानपिळीचाच तुकडा घेतला आणि तो नाना तऱ्हांनी काढून पाहिला. लग्नात कान तुम्ही एकदा पिळलात, या आठवड्यात मी तो इतक्यांदा पिळवून घेतला की आता नुसता व्हिडिओ सुरू केला तरी उजवा कान गरम होतो. शेवटी खालच्या ओळी आधी, आणि दोन्ही पंगती मिळून सेकंदाला पंचविसाऐवजी पन्नास चित्रं, अशी तोड निघाली. आता तुमचा हात कसा अगदी पाटलासारखा उठतो. एकच पीळ, जागच्या जागी. नवीन व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आहे, जुना पुसावा असं सोबत लिहिलं आहे (कुणी पुसणार नाही, पण लिहिलं आहे).

देवाच्या खालोखाल पहिली पत्रिका मामाची, ती मी मोबाइलवर उरकणार नाही. गुरुवारी अक्षता घेऊन येतोच, तेवढं दार उघडं असू द्यावं. तनुजावहिनींना नमस्कार, रेडकाच्या पाठीवरून माझ्या नावानं एक हात.

आपला, एका कानानं ऋणी,
शिवशंकर

ता. क. – खालच्या ओळी आधी लागल्यावर आणखी एक दिसलं. तुम्ही माझा कान पिळताय आणि तुमच्या मागं, मांडवाच्या खांबाला हात टेकून, सासूबाई उभ्या आहेत. हातात भांडं नाही, पाट नाही. तुमच्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसताहेत, आणि मग पदर निसटतो. मी त्यांना उभ्या जन्मात हसताना पाहिलं नव्हतं. तुमची पाठ होती, तेव्हा तुम्हीही पाहिलं नसणार. चित्र स्वच्छ आहे, एकही रेघ नाही. फोनवर पाठवत नाही.

ता. क. दुसरं (रत्नमालेच्या हातचं) – दादा, यांनी लिव्हलं ते खोटं नाय, पण पुरं बी नाय. धाडायच्या आधी आम्ही दोघांनी समदं पाह्यलं व्हतं. तुझा हात थरथरताना बघून मला लई हसू आलं, अगदी आईवानी पदर लावून. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या तसंच, दादा बी हसंल. राग धरू नको. गुरुवारची वाट नको बघू, त्याच्या आधीच ये आन् यांचा कान पुन्यांदा पिळ. मागं आई नाय, पण मी उभी राहीन.