राखेच्या दगडाखालचं कौल

प्रिय एरामून,

तुझी अमेरिकेहून तार मिळाली. लोकर कातरून झाली की बाउतिस्ताला गोळी घालायला निघतोस म्हणे. मेंढरं राखता राखता डोकंही मेंढराचं झालं का रे? आधी हे वाच.

आपल्या नव्या पाद्रीबाबांना 'सारोय' या शब्दाचं वेड लागलंय. तो मुळात आला कुठून, हे त्यांच्या पुस्तकांत सापडेना, म्हणून चर्चच्या दारात ते सगळ्यांना विचारत होते. आई म्हणाली सारोय म्हणजे डोंगरावरची झोपडी. धनगर म्हणाले, मेंढरांचा वाडा. आपले बाबा उखडले, "अख्खं गोल कुरण म्हणजे सारोय! मधल्या राखेच्या दगडाला दोर बांधून फिरवा. दोर पोचेल तिथवर आमचं!" शेजारचा बाउतिस्ता तिथेच होता. दोनेक वर्षांपासून त्याचा झरा आपल्या दोराच्या आत येऊ लागला होता. "दोर राहू दे, काका. दगडच उचलून बघू," तो म्हणाला.

सारं गाव वर चढलं. दगडाखाली चुलीची राख निघाली, फोडलेलं कौलही निघालं, हद्दीच्या दगडाखाली साक्ष म्हणून पुरतात तसंच. बाबांनी छाती पुढे काढली. बाउतिस्ताने तुकडे जुळवले, तर त्यावर कारखान्याचा शिक्का! आपल्या नव्या गोठ्याच्या कौलांवर आहे तोच. "काय म्हाताऱ्या, तुझ्या खापरपणजोबाने कारखान्यातून कौलं आणली होती होय?" त्याने विचारलं, आणि लोक फिदीफिदी हसले.

बाबांनी कुदळ घातली. बाउतिस्ताचा खांदा फाटला, आतलं हाड दिसलं. दुसरा घाव डोक्यावरच यायचा, पण त्याने खाली पडल्या पडल्या फावडं फिरवलं. बाबांचा जबडा तुटला आणि ते दगडावर आपटले. माझ्या मांडीवर रक्त ओकत ओकत गेले रे. मला त्यांचा संताप येतो, आणि रोज रडूही येतं.

मेलेल्या माणसाची अब्रू जाऊ नये म्हणून सगळं गाव सांगतंय की बाउतिस्तानेच आधी मारलं. कोर्टात तसं ठरलं तर त्याला गळा आवळून मारायची शिक्षा होईल. पुढच्या महिन्यात कोर्टात मी उभी राहणार आहे. दगड बाबांनीच सरकवला आणि पहिला घावही त्यांचाच, असं शपथेवर सांगणार आहे. आई माझ्याशी बोलत नाही. गोळी कुणाला घालायची ते आता तूच ठरव; पण हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून मीच लिहिलं.

तुझीच बहीण,
कातालिन