साहेबांचं औक्षण राहिलंय

११ ऑगस्ट

अण्णांच्या मागच्या खोलीत तिसरा आठवडा. पूर ओसरला, वेदगंगा नदी पात्रात परत गेली ती आमच्या भिंती घेऊन. जोतं तेवढं उरलंय. थोरले दीर म्हणून अण्णांनी आसरा दिला, उपकार आहेतच. रोज एकदा आठवण करून देतात, ते वेगळं.

दुपारी त्यांनी टीव्हीवर लोकसभा लावली. आमचे खासदारसाहेब म्हणजे अण्णांचं दैवत. आपत्तीच्या मदतीचं विधेयक चाललं होतं. एका बाई खासदारांनी दुरुस्ती मांडली: पुरात घर पडलं तर मदत हा हक्क धरा, मेहरबानी नको. मी भाजी निवडायची थांबले. अध्यक्षांनी विचारलं, बाजूनं कोण, विरोधात कोण. एकच गलका. नामंजूर. पुढचा विषय.

मधेच साहेब दिसले. तोंड हललं. काय म्हणाले?

अण्णा: "आपल्याच बाजूनं असणार की. दर भाषणात पुराचं बोलत्यात."

असणार. म्हणजे अण्णांनाही ठाऊक नाही.

१२ ऑगस्ट

लेक उज्ज्वला बेळगावात वकिली करते. तिला फोन लावला. साहेबांनी काय मत दिलं ते कुठं बघायला मिळतं?

"कुठंच न्हाय, आई. आवाजी मतदान झालं. कोण काय वरडलं त्याची नोंद नसती. एकानं जरी उठून मतविभागणी मागून ती लावून धरली असती, तर बटण दाबून नावानिशी झालं असतं."

"मग मागितली न्हाय कुणी?"

"न्हाय."

बोलाचीच कढी, बोलाचाच भात. आणि पंगतीला आम्ही.

दिवसभर डोकं तापलेलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते, तेव्हा संपाचा ठराव हात वर करून व्हायचा. दारात मालकाचा माणूस उभा, कुणाकुणाचे हात वर ते बघत. माझा दिसला, काम गेलं. पुढच्या सभेत पुन्हा वर केला. तंबाखू झाडणाऱ्या बायकांना जे जमलं ते ह्यांना जमू नये? बरं, ह्यांचं काम तर कुणी काढून घेणार नाही. पाच वर्षं तरी.

६ सप्टेंबर

साहेब येणार, घरांच्या मंजुरीची पत्रं वाटायला. अण्णांचं फर्मान: "शालन, औक्षण तू करायचं. तुझं घर पडलंय, फोटोत बरं दिसंल."

"करते. पण आधी एक इचारणार."

काय विचारणार ते सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती, बाई."

"मूठ त्यांची, घर माझं. उघडू देत की."

ताडकन उठून गेले. मग हे म्हणाले, "पत्र हातात पडू दे गं. मग इचार काय इचारायचं ते." ह्यांचंही चूक नाही. पत्राशिवाय वीट चढायची नाही, आणि अण्णांची खोली गेली तर जायचं कुठं. भीती मलाही वाटते. पण पत्र घेतल्यावर कोण विचारतं? तेव्हा तोंडात पेढा असतो.

९ सप्टेंबर

विचारलं.

शाळेपुढं मांडव. आम्ही पाच जणी ताटं घेऊन, मी पुढं. साहेबांनी सवयीनं मान पुढं केली. मी ताट हलवलंच नाही.

"साहेब, आधी एक सांगा. पडलेल्या घराला मदत हा हक्क, त्याला तुम्ही होय म्हणालासा का न्हाय?"

हसले. "आक्का, ते आवाजी मतदान होतं. सगळ्यांनी मिळून असतं ते."

"सगळ्यांचं ऐकलं. त्यात तुमचा आवाज कुठला?"

"पक्षाचा निर्णय असतो, आक्का."

"मत पक्षाला न्हाय, तुमच्या तोंडाकडं बघून दिलतं."

अण्णा मागून माझा पदर ओढत होते. शेजारच्या गंगाक्कानंही ताट खाली घेतलं. ती कधी नवऱ्यापुढंसुद्धा बोलत नाही. मग साहेब माईककडं वळले: पुढच्या अधिवेशनात पूरमदतीच्या खर्चाचा विषय येईल, तेव्हा मी स्वतः उठून नावानिशी मतदान मागेन. टाळ्या.

मी म्हटलं, "मग औक्षणबी तवाच."

ताट तसंच घेऊन घरी आले.

१० सप्टेंबर

सगळ्यांना पत्रं मिळाली. माझं 'राहून गेलं' म्हणे. उज्ज्वला म्हणते, अर्ज कर, मी बघते.

अण्णा: "माझ्या घरात ऱ्हाऊन माझंच नाक कापलंस. तुझी चूल येगळी मांड."

मांडते. आमच्याच जोत्यावर. ह्यांना म्हटलं, तुम्ही थांबा भावाकडं. हे बांबू शोधायला गेले.

२० ऑक्टोबर

ताडपत्री, बांबू, चूल. रात्री गार वारा थेट आत. अर्जाला उत्तर नाही. पश्चात्ताप होतोय का, असं उज्ज्वलानं विचारलं. थंडी वाजते, म्हटलं. पश्चात्ताप नाही.

२ डिसेंबर

अधिवेशन सुरू झालंय. जादा खर्चाच्या मागण्या आज मताला येणार, पूरमदत त्यातच. उज्ज्वलाचा निरोप.

सकाळीच गंगाक्का आली, मागोमाग बाकीच्या तिघी. तिच्या घराचं पत्र आलंय, भिंती कमरेएवढ्या झाल्यात. म्हटलं, तुझं काम झालंय, तू कशाला येतीस? म्हणाली, "मीबी ताट खाली घेतलतं की."

मोबाइल विटेला टेकवून ठेवलाय. आवाज मोठा. अण्णा दोनदा रस्त्यावरनं गेले, तिसऱ्यांदा जोत्यापाशी थांबले. मी आत बोलावलं नाही, जा म्हटलं नाही.

पूरमदतीचा विषय पुकारला. साहेब जागेवर दिसतात. हातात कागद आहे.

त्या दिवसाचं ताट घासून ठेवलंय. निरांजनात वात आहे, तेल आहे. उठले तर इथनंच ओवाळीन, मनापासून. नाही उठले तर त्याच ताटात आम्ही जेवू, आणि मतं मागायला येतील तेव्हा ते रिकामं ताट घेऊन मीच पुढं उभी राहीन.

अध्यक्ष विचारतायत. गंगाक्का म्हणते, लिहायचं थांब, बघ.