आजीच्या नावावरचे विनोद

बुद्धघोषमामा, जय भीम.

पेपरातल्या तुमच्या विनोदी मालिकेसाठी तुमी रोज फोनवर इचारता, "आज आई काय म्हणली?" आजी कायच म्हणत न्हाय, मामा. ते विनोद माझेच हायेत. "ही पोरगी घरात हाय का न्हाय, मिसकॉल देऊन बघावं लागतं," हा बी मीच माझ्यावर केलेला. शाळा सोडल्यापास्नं मला लोकांपुढं बोलाय लाज वाटती, म्हणून आजीचं नाव सांगितलं.

आता रविवारी इंदापुरात त्या मालिकेच्या पुस्तकाच्या कार्यक्रमात आजीनं विनोद सांगायचेत. काल तिला सगळं खरं सांगितलं. वाटलं, ओरडंल. तर म्हणती, "तू कानात सांग, म्या मोठ्यांदी बोलते!"

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत न्हाय, गुपित आमच्या दोघीतच. रविवारपत्तोर नवीन विनोद लिहायचेत.

तुमची मिसकॉलवाली भाची,
ज्योत्स्ना, पणदरे